जर्सी आवडली नाही? घाला!

हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, म्हणजे आपल्या गोल्फ क्लबवर, रणजीचा सामना आला की डोळ्यांना बरं वाटतं. सगळे पांढऱ्या कपड्यांत. एरवी शहरातल्या टेनिस बॉल स्पर्धांत काय दिसतं, ते नाशिककरांना सांगायला नको. छातीवर बिल्डर, बाहीवर मिसळवाला आणि पाठीवर, खेळाडूच्या नावापेक्षा मोठे, हात जोडलेले भाऊ.

ओळखीतल्या एका टीमच्या नशिबी जांभळ्या-पोपटी पट्ट्या आल्या. व्हॉट्सॲपवर डिझाइन आलं तेव्हा कुणी नीट पाहिलंच नाही, सगळ्यांनी अंगठे टाकले. शर्ट हातात पडल्यावर विकेटकीपर म्हणाला, "हे घालून मी गल्लीतून जाणार नाही." कॅप्टन छपाईवाल्याकडे धावला. तो शांतपणे म्हणाला, "दादा, रंग आता धाग्यात गेलाय."

खरंच होतं ते. सब्लिमेशनमध्ये डिझाइन आधी कागदावर छापतात, मग तो कागद पांढऱ्या पॉलिस्टरवर ठेवून दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या प्रेसखाली दाबतात. शाईची वाफ होते आणि धाग्यात मुरते. मग कितीही धुवा. शिवाय पैसे भाऊंचे. त्यांना काय सांगणार, फोटो आवडला नाही म्हणून? अख्खा मोसम तीच जर्सी.

मोठ्या संघांचं वेगळं नसतं, फक्त भाऊंच्या जागी नियम आणि करार असतात. २०१९च्या वर्ल्ड कपमधली ती नारिंगी-निळी जर्सी आठवा. इंग्लंडही निळा, आपणही निळे. आयसीसीच्या नियमानुसार यजमानाने आपला रंग ठेवायचा, पाहुण्याने बदलायचा. रंगांचे पर्याय बीसीसीआयपुढे आले, त्यांनी नारिंगी निवडला. सामना ३० जूनला, जर्सी लोकांना दिसली २८ला. आवडली नाही तरी दोन दिवसांत करणार काय? त्याआधीच मुंबईत समाजवादी पक्षाचे आमदार अबू आझमींना त्यात भगवेकरण दिसलं होतं. बर्मिंगहॅमला आपण ३१ धावांनी हरलो, तर जम्मू-काश्मीरच्या माजी मुख्यमंत्री मेहबूबा मुफ्तींनी खापर जर्सीवर फोडलं. जर्सीला मतदारसंघ असतो, हे तेव्हा कळलं. शेवटच्या षटकांत धोनी-केदार जाधव जोडीने मोठे फटके मारले नाहीत, त्याचा रंगाशी काय संबंध, हे कुणी विचारलं नाही.

अमेरिकेच्या एनएफएल या फुटबॉल लीगमध्ये तर हे बंधन लेखीच आहे. मुख्य पोशाख बदलला की पाच हंगाम तोच ठेवायचा. दुकानात गेलेला माल खपला पाहिजे ना! क्लीव्हलँड ब्राउन्सने २०१५ साली आणलेला पोशाख चाहत्यांच्या डोक्यात गेला. सुटका २०२० साली झाली.

आपल्याकडे चाहत्यांची जुनी कुरकुर म्हणजे छातीवरचं जाहिरातीचं नाव. ओप्पो, बायजूज, ड्रीम इलेव्हन, एक गेला की दुसरा तयार. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, ड्रीम इलेव्हन बाहेर पडलं आणि सप्टेंबरच्या आशिया चषकात संघ प्रायोजकाच्या नावाशिवाय उतरला. छातीवर ठळक 'इंडिया', बस्स. इतकी वर्षं लोकांना हेच हवं होतं, पण ते त्यांच्या मागणीमुळे मिळालं नव्हतं. आणि स्पर्धा संपायच्या आत बोर्डाने अपोलो टायर्सशी नवा करार जाहीरही केला.