अठ्ठावीस दिवसांचा महिना आणि रिचार्जचे इतर गैरसमज

भोकरदन तालुक्यातल्या साध्या शेतकरी घरातही आता तीन-चार सिमकार्डे सहज असतात. एक घरधन्याचे, एक आईचे, एक छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला शिकणाऱ्या मुलाचे आणि एक आजोबांच्या बटणाच्या फोनमधले. जुलै 2024 मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा जिओचा रोज दीड जीबीचा 28 दिवसांचा प्लॅन 239 वरून 299 रुपयांवर गेला. चारही सिमवर हाच प्लॅन वर्षभर मारला, तर खर्च होतो 15,548 रुपये. कोरडवाहू कपाशीच्या घरात ही रक्कम लहान नाही. बियाणे-खताच्या वेळी ती हाताशी असती, तर उसनवारी टळली असती.

यातला बराच पैसा कुणाचीही गैरसोय न होता वाचू शकतो. तो वाचत नाही, कारण रिचार्जबद्दल काही समजुती पक्क्या बसल्या आहेत आणि दुकानाच्या काउंटरवर त्या तपासायला कुणाकडे वेळ नसतो. खाली दिलेले दर ज्या महिन्यातले आहेत, तो महिना सोबत लिहिला आहे. कंपन्या दर बदलत राहतात, त्यामुळे आकड्यापेक्षा हिशोबाची रीत लक्षात ठेवावी.

"महिन्याचा रिचार्ज, म्हणजे वर्षात बारा"

बारा नाही, तेरा. 28 दिवसांचे बारा रिचार्ज केले की 336 दिवस होतात. वर्षाचे 29 दिवस उरतात आणि त्यांच्यासाठी तेरावा रिचार्ज लागतो. 299 रुपयांचा प्लॅन वर्षाला 3,588 ला पडतो असे आपण धरून चालतो, प्रत्यक्षात तो 3,887 ला पडतो. ग्राहकांच्या याच तक्रारीवर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी 2022 मध्ये आदेश काढला. प्रत्येक कंपनीने 30 दिवसांचा निदान एक प्लॅन ठेवायचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणाराही एक ठेवायचा. असे प्लॅन तेव्हापासून आहेत. दुकानदार आपणहून सांगेल याची वाट पाहू नका, विचारा.

दोन प्लॅन समोर आले की किमतीला दिवसांनी भागायचे, एवढीच हिशोबाची रीत आहे. जुलै 2024 च्या दरांनी जिओचा रोज दोन जीबीचा 28 दिवसांचा प्लॅन 349 रुपयांना होता, दिवसाला सुमारे साडेबारा रुपये. तेवढाच डेटा 84 दिवसांसाठी 859 रुपयांना होता, दिवसाला सव्वादहा रुपयांच्या आत. तीनदा 349 मारणाऱ्याचे 84 दिवसांत 188 रुपये जास्त गेले.

हातावर पोट असलेल्याला एकदम 859 काढणे जड जाते, हे मान्य आहे. पण ज्यांच्याकडे कापूस, मका किंवा सोयाबीनचा पैसा वर्षातून एक-दोनदाच येतो, त्यांनी माल विकला की घरातल्या कायमच्या सिमचा लांब मुदतीचा रिचार्ज त्याच आठवड्यात करून टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे जून-जुलैत हात आखडतो तेव्हा निदान फोन बंद पडण्याची चिंता राहत नाही. अट एकच, त्या कंपनीची रेंज आपल्याकडे नीट आहे याची आधी खात्री करायची. कंपनी बदलली तर उरलेली मुदत आणि डेटा दोन्ही बुडतात.

"नेट नको असले तरी नेटचाच प्लॅन घ्यावा लागतो"

या एका समजुतीने सगळ्यात जास्त नुकसान केले आहे आणि तेही घरातल्या वयस्कर माणसांचे. आजोबांच्या बटणाच्या फोनवर रोज दीड जीबीचा प्लॅन मारला जातो. रात्री बारा वाजता तो दीड जीबी तसाच वाया जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाया जायला नवा येतो. रोजच्या डेटाच्या बहुतेक प्लॅनमध्ये उरलेला डेटा पुढे जमा होत नाही.

23 डिसेंबर 2024 रोजी ट्रायने ग्राहक संरक्षण नियमांत दुरुस्ती केली. प्रत्येक कंपनीने फक्त कॉल आणि एसएमएस असलेले निदान एक व्हाउचर ठेवले पाहिजे, असे बंधन घातले. अशा व्हाउचरची कमाल मुदत 90 दिवसांवरून 365 दिवसांवर नेली. त्यानंतर जानेवारी 2025 मध्ये कंपन्यांनी हे प्लॅन बाजारात आणले आणि काही दिवसांतच त्यांच्या किमती खालीही आणल्या. जिओचा 84 दिवसांचा प्लॅन 448 रुपयांना आणि 336 दिवसांचा 1,748 रुपयांना झाला. एअरटेलचा 84 दिवसांचा 469 ला आणि पूर्ण 365 दिवसांचा 1,849 ला मिळू लागला. 1,849 ला 365 ने भागले की दिवसाला पाच रुपये सात पैसे येतात. 299 वाला 28 दिवसांचा प्लॅन दिवसाला दहा रुपये अडुसष्ट पैशांना पडतो. म्हणजे निम्म्याहून कमी खर्चात आजोबांचा फोन वर्षभर चालू राहतो. कॉल अमर्याद मिळतात, बँकेचे आणि पीएम किसानचे ओटीपीही येतात.

कंपनीच्या ॲपवर हे प्लॅन पहिल्या पानावर दिसतीलच असे नाही. कंपन्यांना डेटा विकायचा असतो, म्हणून डेटाचे प्लॅन वर असतात. दुकानात "फक्त कॉलिंगचा प्लॅन दाखवा" असे स्पष्ट म्हणावे. ट्रायच्या दरांच्या पोर्टलवर सगळ्या कंपन्यांचे प्लॅन एका ठिकाणी पाहता येतात. घरातल्या कॉलेजच्या पोराला पाच मिनिटे बसवा, तो शोधून देईल.

एक खबरदारी घ्यावी. असा प्लॅन स्मार्टफोनवर मारला, तर मोबाइल डेटाचे बटण बंद ठेवा. मुख्य बॅलन्स असेल तर डेटाचे पैसे त्यातून कापले जाऊ शकतात.

कुठलाही स्वस्त प्लॅन घेताना त्यात एसएमएस आहेत का, हेही पाहा. फोनपे, गुगल पे किंवा बँकेचे ॲप नव्या फोनवर सुरू करताना आपल्या सिमवरून एक एसएमएस बाहेर जावा लागतो. प्लॅनमध्ये एसएमएस नसतील आणि बॅलन्सही नसेल, तर तो जात नाही आणि ॲप सुरू होत नाही. मग आपण बँकेला किंवा फोनला दोष देत बसतो.

"कोणतेही सिम कोणत्याही फोनमध्ये चालते"

नाही. जिओचे नेटवर्क पहिल्यापासून 4जीचे आहे, त्यांच्याकडे 2जी नाहीच. साध्या 2जी बटणाच्या फोनमध्ये जिओचे सिम चालणार नाही. त्यासाठी 4जी बटणाचा फोन लागतो. जिओभारत हा फोन त्यासाठीच जुलै 2023 मध्ये 999 रुपयांना आला आणि त्याला फक्त जिओचे सिम चालते. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल यांचे 2जी सुरू आहे. आजोबांचा जुना फोन बदलायचा नसेल, तर कॉलिंगचा प्लॅन या तिघांपैकी एकाचा पाहावा.

"संभाजीनगरला फुल रेंज आहे, म्हणजे आपल्याकडेही असणारच"

दर पाहण्याआधी रेंज पाहायला हवी. रेंज नसलेला स्वस्त प्लॅन सगळ्यात महाग असतो, कारण महिनाभरात दुसऱ्या कंपनीचे सिम घ्यावे लागते आणि मग दोन रिचार्ज सुरू होतात.

जुलै 2024 ची दरवाढ झाल्यावर देशभर हेच घडले. चिडलेल्या ग्राहकांनी बीएसएनएलची वाट धरली. त्या एका महिन्यात बीएसएनएलचे ग्राहक 29 लाखांहून अधिक वाढले आणि तिन्ही खासगी कंपन्यांचे घटले. पण बीएसएनएलचे 4जी तेव्हा बहुतेक ठिकाणी उभे राहायचे होते. नोव्हेंबरपर्यंत बीएसएनएलचेच ग्राहक घटू लागले. पुढे 27 सप्टेंबर 2025 रोजी बीएसएनएलच्या स्वदेशी 4जीचे देशव्यापी उद्घाटन झाले, त्यामुळे 2024 चा कडू अनुभव आजच्या निर्णयाला लावणेही बरोबर नाही. ज्या गावात राहता तिथे आज काय मिळते, हे पाहायचे.

ते पाहण्याचे दोन मार्ग आहेत. ट्रायच्या नव्या गुणवत्ता नियमांमुळे एप्रिल 2025 पासून प्रत्येक कंपनीला आपल्या संकेतस्थळावर नेटवर्कचा नकाशा द्यावा लागतो. कुठे 2जी, कुठे 4जी, कुठे 5जी, हे त्यात दिसते. पण नकाशा आपल्या घराची भिंत, पत्र्याचे छत किंवा शेताच्या मागची टेकडी पाहत नाही. म्हणून दुसरा मार्ग जास्त खात्रीचा आहे. ज्या कंपनीचे सिम घ्यायचे, ते सिम असलेल्या शेजाऱ्याचा फोन तासभर मागून घ्या. घरात आतल्या खोलीत, शेतात विहिरीजवळ आणि रोजच्या कामाच्या जागी कॉल लावून पाहा. नेटसाठी रात्री आठ-नऊची वेळ निवडा, कारण तेव्हा टॉवरवर सगळ्यात जास्त भार असतो. पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात ज्याचे सौदे फोनवर ठरतात, त्याने तिथे भर गर्दीतही एकदा तपासावे. राजूरला गणपतीच्या दर्शनाला गेलात तर तिथली रेंज पाहून काही ठरवू नका. तुमच्या शिवारात काय मिळते, त्यावरच ठरवा.

"20 रुपयांत सिम वर्षभर चालू राहते" आणि "रिचार्ज संपला की नंबर गेला"

या दोन समजुती एकमेकींच्या उलट आहेत आणि दोन्ही चुकीच्या आहेत. जानेवारी 2025 मध्ये व्हॉट्सॲपवर फिरले की ट्रायने नवा नियम काढला, आता 20 रुपये ठेवले की रिचार्जची गरज नाही. ट्रायनेच खुलासा केला की तरतूद नवी नाही, 2013 ची आहे. सलग 90 दिवस सिमचा काहीच वापर झाला नाही, तर कंपनी नंबर बंद करू शकते. पण खात्यात 20 रुपये किंवा जास्त बॅलन्स असेल, तर तेवढे कापून 30 दिवस आणखी दिले जातात. यातून नंबर आपल्या नावावर राहतो. कॉल किंवा एसएमएस मिळत नाहीत आणि ओटीपी येईलच याची हमी नाही.

उलट, मुदत संपली म्हणून दुसऱ्या दिवशी नंबर कुणा दुसऱ्याला जात नाही. आधी बाहेर जाणारे कॉल बंद होतात, काही दिवसांनी येणारेही. बंद झालेला नंबरही पुढचे 90 दिवस नव्या ग्राहकाला देत नाहीत. त्यानंतर मात्र तो दिला जाऊ शकतो. म्हणून जुने सिम सोडून द्यायचे ठरवले, तर बँक, आधार आणि गॅस कनेक्शनवरचा नंबर आधी बदला. हे काम टाळणाऱ्याचे बँकेचे मेसेज उद्या अनोळखी माणसाच्या हातात पडतात.

"पोर्ट केले की नंबर बदलतो, आणि कंपनी सोडतच नाही"

नंबर तोच राहतो, हाच पोर्टिंगचा अर्थ. ही सोय 20 जानेवारी 2011 पासून देशभर आहे आणि जुलै 2015 पासून राज्य बदलले तरी चालते. इंग्रजीत 'पोर्ट' हा शब्द, मोकळी जागा आणि आपला दहा आकडी नंबर असा मेसेज 1900 वर पाठवायचा. आठ अक्षरांचा कोड येतो आणि महाराष्ट्रात तो चार दिवस चालतो. तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात आधारसह जायचे. आपल्याच सर्कलमध्ये तीन कामकाजी दिवसांत काम होते.

"एसएमएसचा पॅक नाही म्हणून मेसेज जात नाही" ही अडचण डिसेंबर 2021 मध्ये ट्रायने निकालात काढली. कोणताही प्लॅन असला तरी पोर्टिंगचा मेसेज गेलाच पाहिजे, असे निर्देश आहेत. कोड मिळत नाही तो बहुधा दोन कारणांनी: त्या कंपनीत अजून 90 दिवस झाले नाहीत, किंवा सिम हरवल्यामुळे गेल्या सात दिवसांत नवे काढले आहे. दुसरा नियम 1 जुलै 2024 पासून आहे आणि तो सिम चोरून नंबर पळवणाऱ्यांना रोखण्यासाठी आहे.

दुकानात अंगठा घेताना "नीट उमटला नाही, पुन्हा द्या" असे म्हटले, तर कारण विचारा. दुसऱ्या अंगठ्यावर आपल्या नावाने आणखी एक सिम निघू शकते. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसते आणि आपला नसलेला नंबर तिथूनच कळवता येतो.

5जी आणि रोमिंग

5जीसाठी वेगळे सिम लागत नाही, जिओ आणि एअरटेलचे 4जी सिम चालते. फोन मात्र 5जीचा हवा. या दोघांचे अमर्याद 5जी जुलै 2024 पासून सहसा रोज दोन जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनवरच मिळते. 4जी फोन असलेल्याने त्यासाठी मोठा प्लॅन घेणे म्हणजे पैसे फुकट घालवणे. देशातल्या रोमिंगचा बाऊही आता करू नये. ऊसतोडीला कर्नाटकात किंवा कामाला सुरतला जाणाऱ्याने तिथे नवे सिम घेण्याची गरज नाही, नेहमीचे अमर्याद कॉलचे प्लॅन तिथेही चालतात.

"दोन दिवस नेटवर्क गेले, आपण काय करणार"

एप्रिल 2025 पासून जिल्हा पातळीवर मोठा बिघाड होऊन सेवा 24 तासांहून जास्त बंद राहिली, तर त्या जिल्ह्यात पत्ता असलेल्या प्रीपेड ग्राहकांची मुदत तेवढ्या दिवसांनी वाढवून द्यावी लागते. एका दिवसात 12 तासांहून जास्त सेवा बंद असेल, तर तो पूर्ण दिवस मोजतात. मुदत वाढली की नाही, हे ॲपवर स्वतः तपासा. नसेल तर 198 वर तक्रार करा. हा क्रमांक मोफत आहे. तक्रारीचा डॉकेट क्रमांक मेसेजने येतो, तो जपून ठेवा. उत्तराने समाधान झाले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे 30 दिवसांच्या आत अपील करता येते. त्यालाही पैसे लागत नाहीत आणि 39 दिवसांत निकाल द्यावा लागतो.