हवेच्या सिलिंडरचं आयुष्य

एअर रायफलच्या नळीखालच्या सिलिंडरात साधारण २०० बार दाब असतो. म्हणजे बाहेरच्या हवेच्या दोनशे पट. आणि तो नेमबाज पोराच्या तोंडापासून हातभरही लांब नसतो. त्याचं आयुष्य वाढवायचं म्हणजे काय, हे आपण नीट पाहू.

पहिला शत्रू पाणी. हवा दाबली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं, ते धातूला आतून खातं. म्हणून पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर हवा, आणि हवा सावकाश भरायची. दुसरा शत्रू ऊन. नांदेड-लातूरच्या उन्हाळ्यात बंद गाडीतला सिलिंडर २७ अंशांवरून ५७ वर गेला, तर २०० बारचे २२० होतात.

तिसरा शत्रू दिसतच नाही. प्रत्येक भरण्यागणिक धातू ताणला जातो, थकतो. म्हणूनच बहुतेक कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात, आणि ती पाहणं, आंतरराष्ट्रीय नियमानुसार, नेमबाजाचीच जबाबदारी.

मुदत संपली, पण वरून चकचकीत आहे, मग चालेल ना? नाही. दिसत नाही म्हणजे दोष नाही, हा तर्कच चुकीचा. आपण आयुष्य वाढवतो म्हणतो, तेव्हा फक्त अकाली मरण टाळत असतो. तारीख ओलांडायची नाही. तिथवर धड पोचायचं.