केशतेलाच्या पैशातली कथा

१८९६ साली कोलकात्यातल्या एका तेलवाल्याने कथास्पर्धा जाहीर केली. हेमेंद्रमोहन बसू हे त्याचं नाव; 'कुंतलीन' केशतेल आणि 'देलखोश' अत्तर हा त्याचा माल. अट मोठी मासलेवाईक: कथेत मालाचं नाव यायला हवं, पण ती जाहिरात वाटता कामा नये. पहिल्याच वर्षी बक्षीस पटकावलं शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बसूंनी. त्यांच्या कथेतला बोटीवरचा प्रवासी खवळलेल्या समुद्रात कुंतलीनची बाटली टाकतो आणि तुफान शमतं! बंगालीतल्या आद्य विज्ञानकथांत आज तिची गणना होते. पुढे १९०३ मध्ये शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या 'मंदिर'ला हेच बक्षीस मिळालं. कथा त्यांनी मामाच्या नावावर पाठवली होती. (शरदबाबूंना मराठीत आणलं तेही एका मामांनीच, वरेरकरांनी.)

'बंगालीपणाचा बाजार मांडलाय' ही कुरकुर दर दुर्गापूजेला ऐकू येते. मला ती फारशी पटत नाही. भद्रलोकांची, म्हणजे शिकल्यासवरल्या बंगाली मध्यमवर्गाची, संस्कृती आणि खरेदी पहिल्यापासून हातात हात घालूनच चालत आली. १९०५च्या बंगालच्या फाळणीनंतर तर देशी साबण, देशी औषध घेणं हाच बाणा ठरला. खुद्द रवींद्रनाथांनी शाईपासून मिठाईपर्यंत कशाकशाची भलामण केली. मुंबईच्या गोदरेज साबणालाही त्यांचं शिफारसपत्र होतं.

१९१४पासून ग्रामोफोन कंपनी पूजेसाठी खास गाणी काढू लागली. पुढे बोनस हाती पडला की नव्या साडीबरोबर नवी तबकडी आणि शारदीय अंक घरात येणं ठरूनच गेलं. गुप्तहेर फेलूदाची 'गंगटोके गंडगोल' ही कादंबरी सत्यजित राय यांनी १९७०च्या शारदीय 'देश'मध्येच छापली. आपल्याकडे १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढणारे काशिनाथ रघुनाथ आजगावकर बंगालीच्या प्रेमापोटी 'मित्र' हे बंगाली आडनाव लावू लागले, हा धागाही इथलाच.

१९८५ मध्ये एशियन पेंट्सने उत्तम पूजामंडपांसाठी 'शारद सम्मान' सुरू केला आणि मंडळांमध्ये चुरस लागली. मंडपाला विषय आला, कला महाविद्यालयांतली मुलं राबू लागली, रस्त्याकडेच्या बांबूंवर कंपन्यांचे फलक चढले. कलावंतांना काम मिळालं, याबद्दल नाक मुरडण्याचं कारण नाही.

बदललं ते जेवणही. एरवी बंगाली माणूस बाहेर जाई तो कटलेट, मोगलाई पराठा किंवा चिनी खायला. मोचार घंट म्हणजे केळफुलाची भाजी घरचीच. २००३ साली 'भजहरि मान्ना' निघालं. मन्ना डे यांच्या गाण्यावरून नाव घेतलेल्या या उपाहारगृहाने तेच घरचं जेवण विकायला काढलं. केळफूल सोलायचं म्हणजे हाताला तेल चोळून एकेका फुलातला कडक दांडा आणि पापुद्रा काढत बसायचं; तरी बोटं काळी होतातच. दोघं नोकरीला जाणाऱ्या घरात हे कोण करणार? आजीच्या हातची चव आता बिल भरून मिळते.

बाजार जुनाच आहे. फरक एवढाच, की तेव्हा तेल खपवायला कथा लागत होती, आता साडी खपवायला लागत नाही. ब्रिटिश कौन्सिलच्या अभ्यासानुसार २०१९ साली दुर्गापूजेभोवतीची उलाढाल ३२,३७७ कोटी रुपयांची होती. त्यात किरकोळ खरेदी २७,३६४ कोटींची. साहित्य आणि प्रकाशनाच्या वाट्याला आले २६० ते २७० कोटी, म्हणजे शंभरातला एक रुपयासुद्धा नाही.