कान्हेरीचीं लेणीं कशीं पाहावीं?

लेणीं पाहावयास जाणारे बहुतेक लोक मूर्ति पाहून परत येतात. मूर्ति पाहूं नयेत असें मी म्हणत नाहीं. परंतु कान्हेरीचा डोंगर म्हणजे भिक्षूंचें शेंकडों वर्षें नांदतें असलेलें वसतिस्थान होय. कोणतेंही घर समजून घ्यावयाचें तर त्यांत राहणारा माणूस निजे कोठें, पाणी पिई कोठलें आणि त्याला पोशी कोण, हें आधीं विचारावें लागतें. हे तीन प्रश्न बरोबर घेऊनच आपण डोंगर चढूं.

मुंबईच्या बोरिवली उपनगराला लागून असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत, दरवाजापासून सहा-सात किलोमीटर आंत हीं लेणीं आहेत. शिलालेखांत या डोंगराला 'कण्हसेल', म्हणजे काळा डोंगर, असें म्हटलें आहे. लेण्यांची संख्या शंभरांहून अधिक. त्यांतील पहिलीं इसवी सनाच्या प्रारंभाच्या सुमारास खोदलीं गेलीं, आणि तेथील राबता पुढें सुमारें हजार वर्षें टिकला. इतका पसारा एकट्यानें पाहूं गेल्यास नुसती पायपीट पदरीं पडते. म्हणून आठ-दहा जणांनीं मिळून जाणता मार्गदर्शक घ्यावा. हें रान बिबळ्यांचें आहे, तेव्हां त्याचा शब्द मोडून आडवाटेला लागूं नये, आणि उन्हें उतरण्यापूर्वीं परतावें.

आतां पहिला प्रश्न. साध्या लेण्याची रचना अशी: पुढें ओसरी, मग लहानसें दालन, आणि आंत एक अंधारी खोली. तींत भिंतीलगत खडकाचाच ओटा राखलेला असतो. हीच भिक्षूची शय्या. भिक्षूनें एरवीं फिरतें राहावें, पण पावसाळ्याचे महिने एके ठिकाणीं काढावे, असा दंडक होता. त्यास 'वर्षावास' म्हणत. कोंकणचा पाऊस ज्यानें पाहिला आहे, त्याला या दंडकाचें कारण सांगावयास नको! पावसाळ्यापुरता घेतलेला हा आसरा पुढें बारमाही वसति झाला.

वसति बारमाही झाली कीं पाण्याचा प्रश्न आलाच. येथें पाऊस चार महिने धो धो कोसळतो, आणि उरलेले आठ महिने खडक तापत राहतो. त्यावर योजलेला उपाय प्रत्येकानें थांबून पाहावा. लेण्याच्या दाराशेजारीं चौकोनी तोंडाचें टाकें असतें. लेखांतील त्याचें नांव 'पोढी'. तोंड लहान, पण पोट खडकाखालीं दूरवर पसरलेलें. त्यामुळें आंत ऊन पोंचत नाहीं व पाणी फारसें उडून जात नाहीं. मान वर करून पाहिल्यास माथ्यावर कोरलेल्या पन्हळी दिसतात. पावसाचें पाणी त्यांतून टाक्यांत उतरे. मुंबईला नळाचें पाणी पुरविण्यासाठीं 1860 सालीं विहार व 1879 सालीं तुळशी हे तलाव झाले, ते याच डोंगरांच्या कुशींत. पाऊस सांठवावा, ही युक्ति दोहोंकडे एकच.

तिसरा प्रश्न पोषणाचा. अरण्यांतला तपस्वी म्हटला कीं जगाशीं संबंध तोडलेला पुरुष आपल्या डोळ्यांपुढें येतो. कान्हेरीचे शिलालेख वेगळीच हकीकत सांगतात. कल्याण, सोपारा अशा बंदरांतील व्यापाऱ्यांनीं व गृहस्थांनीं कोठें लेणें, कोठें टाकें करून दिलें. कोणी ठेव ठेवून तिच्या उत्पन्नांतून भिक्षूंच्या वस्त्रांची सोय लावली. दुसऱ्या शतकांतील तिसऱ्या क्रमांकाचा भव्य चैत्य अशाच दानांतून उभा राहिला. अकराव्या लेण्यांत दोन लांबच लांब दगडी बांक समोरासमोर आहेत. ते पाहिले म्हणजे येथें समुदाय बसत असे हें उमगतें. हे विरागी माणसांपासून दूर राहिले, पण माणसांवांचून राहिले नाहींत.

नव्वदाव्या लेण्यांत पहलवी लिपींतील लेख आहेत. इ. स. 1009 व 1021 मध्यें येथें येऊन गेलेल्या पारशी मंडळींनीं आपलीं नांवें तेथें कोरून ठेविलीं. "मग आम्हीं कोरलीं तर काय बिघडलें?" असें एखादा चलाख विद्यार्थी विचारील. त्याला सांगावें, कीं बाबा, त्या काळीं या किनाऱ्यावर कोण लोक वावरत होते याचा तो दुर्मिळ पुरावा आहे. तुझें नांव शाळेच्या हजेरीपटांत सुखरूप आहे. खडूची रेघ आणि खिळ्याचा ओरखडा पुसतां पुसतां शेजारचें दोन हजार वर्षांचें अक्षरही झिजतें, आणि तें पुन्हा कोणालाही लिहितां येत नाहीं.

सोमवारीं उद्यान बंद असतें. इतर कोणत्याही दिवशीं, पाऊस ओसरल्यावर, सकाळीं लवकर निघावें. पाणी घरून न्यावें, आणि तें पितांना एखाद्या पोढीच्या कांठीं घटकाभर बसावें.