गुरुत्वाकर्षण किती जोरात धावतं?

समजा, आत्ता या क्षणी सूर्य नाहीसा झाला. (घाबरू नका, तो कुठेही जात नाही!) लगेच अंधार होईल? छे! सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे ८ मिनिटं २० सेकंद लागतात. तेवढा वेळ सूर्य आपल्याला जागच्या जागी दिसत राहील. पण पृथ्वीला धरून ठेवणारी त्याची ओढ? ती मात्र लगेच सुटेल का?

न्यूटनच्या गणितात गुरुत्वाकर्षणाला वेळ लागतच नाही. आइन्स्टाइन म्हणाले, असं होऊच शकत नाही! गुरुत्वाकर्षणात झालेला बदल प्रकाशाच्याच वेगानं पसरतो, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. म्हणजे सूर्य नसतानाही पृथ्वी ८ मिनिटं २० सेकंद गुमान फिरत राहील.

आता हे तपासायचं कसं? सूर्य तर गायब करता येत नाही. पण १३ कोटी वर्षांपूर्वी, फार दूरच्या एका दीर्घिकेत, दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. वजन प्रत्येकी साधारण सूर्याएवढं, आणि आकार? अख्खा तारा बंगळुरू शहरात मावेल एवढाच! या टकरीतून गुरुत्वीय लहरी, म्हणजे गुरुत्वाकर्षणातल्या बदलाच्या पसरत जाणाऱ्या लाटा, निघाल्या आणि गॅमा किरणही. गॅमा किरण म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, भलताच जोरकस प्रकाश.

१७ ऑगस्ट २०१७. आपल्याकडे संध्याकाळचे ६ वाजून ११ मिनिटं झाली होती. अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेच्या ४ किलोमीटर लांब भुजा अणुकेंद्रापेक्षाही कमी अंतरानं थरथरल्या. गुरुत्वीय लहरी पोचल्या! त्यानंतर अवघ्या १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाला गॅमा किरण दिसले. १३ कोटी वर्षांचा प्रवास आणि फरक पावणेदोन सेकंदांचाही नाही! तोही बहुधा गॅमा किरण मुळातच जरा उशिरा निघाले म्हणून पडला असावा.

अशा लहरी ओळखायच्या तर त्या कशा दिसतील, हे आधी ठाऊक हवं. ती किचकट आकडेमोड करणाऱ्यांमध्ये बंगळुरूच्या रमण संशोधन संस्थेतले बाला अय्यर होते. लायगोला पहिली लहर सापडली २०१५ साली. त्यांचं काम त्याच्या कितीतरी वर्षं आधीचं!

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तर पुढेच आहे. आपला अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रह चालवतात बंगळुरूहून. त्या संध्याकाळी त्याचं गॅमा किरण टिपणारं उपकरण सुरूच होतं, तरी त्याला काहीच दिसलं नाही. का? कारण त्या क्षणी मध्ये पृथ्वी आली होती! गॅमा किरण पृथ्वीनं अडवले. गुरुत्वीय लहरी मात्र डोंगर, समुद्र, पृथ्वीचा तापलेला गाभा, सगळ्यांतून आरपार निघून गेल्या. वेग दोघांचा सारखाच, पण गुरुत्वाकर्षणाला वाटेत कुणी अडवू शकत नाही.

आता आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगोची भारतीय वेधशाळा उभी राहणार आहे. तिच्याही भुजा ४ किलोमीटरच्या.

तोवर एक गणित सोडवा. नेपच्यून सूर्यापासून सुमारे ४५० कोटी किलोमीटर दूर आहे. सूर्य नाहीसा झाला, तर ते नेपच्यूनला किती वेळानं कळेल? (उत्तर : ४ तास १० मिनिटं. पण आधी भागाकार करून बघा!)