विश्लेषण : जळगावच्या केळीला जीआय मानांकन आहे, मग भावात ते का दिसत नाही?

जळगावची केळी आणि जळगावचे भरताचे वांगे या दोन्हींची २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजेच ‘जीआय’ म्हणून नोंद झाली. ही नोंद दहा वर्षांसाठी असते आणि मुदत प्रमाणपत्राच्या नव्हे, तर अर्ज दाखल झाल्याच्या तारखेपासून मोजली जाते. त्यामुळे २०१६ च्या तुकडीतील मानांकनांच्या नूतनीकरणाची वेळ २०२६ उलटण्याआधीच येते. या काळात नाव कायद्याने राखले गेले. पण रावेर, यावल, चोपड्यातील केळी उत्पादकाला त्या नावाचे वेगळे पैसे मिळतात का, हा प्रश्न कायम आहे. त्याचे उत्तर शोधताना कायद्याइतकेच बाजाराच्या रीतीकडेही पाहावे लागते.

मानांकन नेमके कशाला मिळाले?

जीआय हा फळावरचा किंवा झाडावरचा हक्क नाही. तो नावावरचा हक्क आहे. जळगाव जिल्ह्यात सध्या सर्रास लावली जाणारी ग्रँड नैन ही केळी मूळची इथली नाही. तिची उतिसंवर्धित रोपे १९९०च्या दशकापासून जळगावच्या जैन उद्योगसमूहाच्या प्रयोगशाळेतून शेतकऱ्यांपर्यंत पोहोचू लागली. त्याआधी या पट्ट्यात बसराई, श्रीमंती, महालक्ष्मी अशा जाती होत्या. ग्रँड नैन सोलापुरात लावा, आंध्रात लावा किंवा गुजरातेत, जीआय कायदा कोणालाही अडवत नाही. तिथे पिकलेली केळी ‘जळगाव केळी’ म्हणून विकायला मात्र मनाई आहे.

वांग्याच्या बाबतीत हा फरक आणखी मजेशीर होतो. मानांकन वांग्याला आहे, भरताला नाही. बामणोद, असोदे परिसरातील मोठे, हिरवट, कमी बियांचे वांगे कपाशीच्या काड्यांवर भाजून लाकडी बडजीत ठेचले की जे होते ते खान्देशी भरीत. पण पुण्यातल्या एखाद्या हॉटेलने जांभळे वांगे गॅसवर भाजून त्याला ‘खान्देशी भरीत’ म्हटले, तर खान्देशी माणसाचा संताप होईल, जीआय कायद्याचा भंग होणार नाही. पाककृतीचे नाव आणि उत्पादनाचे नाव या कायद्यापुरत्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा कायदा कुठून आला?

१ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि तिच्यासोबत बौद्धिक संपदेचा ‘ट्रिप्स’ करारही. विकसनशील देशांमध्ये या कराराविषयी धास्ती होती ती प्रामुख्याने औषधांच्या पेटंटमुळे. भौगोलिक नावांची कलमे त्यात युरोपच्या आग्रहाने आली. शॅम्पेन, बोर्दो अशी नावे त्यांना जपायची होती. म्हणूनच करारात मद्यांना वरच्या दर्जाचे संरक्षण मिळाले आणि बाकीच्या मालाला त्याहून कमी.

भारताला या कलमांचे महत्त्व पटले ते बासमतीमुळे. १९९७ मध्ये राईसटेक या अमेरिकी कंपनीला बासमती वाण आणि दाण्यांबाबत अमेरिकेत पेटंट मिळाले. भारताने हरकत घेतल्यावर त्यातील बरेच दावे कंपनीला सोडून द्यावे लागले. पण त्या वेळी एक अडचण उघड झाली. ज्या नावाला स्वतःच्या देशात कायद्याचे संरक्षण नाही, त्याच्यासाठी परदेशात भांडायचे कोणत्या आधारावर? संसदेने १९९९ मध्ये भौगोलिक मानांकन कायदा केला, तो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला आणि पहिली नोंद दार्जिलिंग चहाची झाली. जगाच्या पेटंट नोंदवहीत मागे असलेल्या देशाकडे नावांची श्रीमंती मात्र भरपूर होती. त्यामुळे युरोपने आणलेले हे हत्यार भारताने मनापासून उचलले, असे म्हणायला हरकत नाही.

नोंद संस्थेची, मग हक्क कोणाचा?

जीआयसाठी एकटा शेतकरी किंवा व्यापारी अर्ज करू शकत नाही. उत्पादकांचा संघ, त्यांचे प्रतिनिधित्व करणारी संस्था किंवा कायद्याने स्थापन झालेले प्राधिकरण लागते. जळगाव केळीची नोंद निसर्गराजा कृषी विज्ञान केंद्राच्या नावे आहे. चेन्नईतील जीआय नोंदणी कार्यालयात ही नोंद होते. तिथून मिळालेले प्रमाणपत्र आणि त्याचे फोटो गावोगाव पोहोचले की आपल्या केळीला जीआय मिळाला, असा सगळ्यांचाच समज होतो. समज चुकीचा नाही, अपुरा आहे.

कायद्यात नोंदणीधारक संस्थेनंतर आणखी एक पायरी आहे, ती अधिकृत वापरकर्त्याची. मानांकन झालेले नाव मालावर वापरण्याचा कायदेशीर हक्क या वापरकर्त्याला मिळतो. तो मिळवण्यासाठी ठरलेल्या क्षेत्रातील उत्पादकाने स्वतः अर्ज करायचा असतो. म्हणजे तांदलवाडीत तीन पिढ्या केळी पिकवणाऱ्या, पण ही नोंद न केलेल्या शेतकऱ्याने खोक्यावर ‘जीआय मानांकित जळगाव केळी’ असे छापले, तर काटेकोर अर्थाने त्याला तो अधिकार नाही. उलट अधिकृत वापरकर्त्याकडून रीतसर घेतलेला माल त्याच नावाने पुढे विकायला व्यापाऱ्याला आडकाठी नाही. वापरकर्ता म्हणून नोंद करण्याचे शुल्क पूर्वी ५०० रुपये होते. २०२० मध्ये नियम बदलून ते १० रुपयांवर आणले गेले. त्यामुळे खर्च ही सबब आता उरलेली नाही. सातबारा, अर्जाचा नमुना आणि पाठपुरावा यांसाठी कोणीतरी शेतकऱ्याच्या शेजारी बसायला हवे, ही खरी गरज आहे.

मानांकनाचे नाव खोटेपणाने लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे तुरुंगवास आणि ५० हजार ते दोन लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण तक्रार करायला मुळात बाजारात ते नाव कोणीतरी खरेपणाने वापरत असले पाहिजे. खऱ्या मालावरच लेबल नसेल, तर खोटे लेबल ओळखायचे कशावरून?

मग भाव का वाढत नाही?

केळीच्या रोजच्या भावाकडे पाहिले की गोम लक्षात येते. जळगाव जिल्ह्यात केळीचे भाव नवती, पिलबाग, कांदेबाग, वापसी अशा प्रकारांनी बोलले जातात. नवती म्हणजे नव्या लागवडीचा माल, पिलबाग म्हणजे खोडव्याचा. प्रतवारी ठरते ती बागेचा हंगाम, घडाचे वजन आणि फण्यांची ठेवण यांवरून. मानांकन हा त्यात स्वतंत्र प्रकार नाही. शेतकऱ्याचे लक्ष दोन आकड्यांकडे असते. एक रावेरचा भाव आणि दुसरा सीमेपलीकडचा, मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूरचा. तापीच्या एकाच खोऱ्यात, जवळपास त्याच मातीत, तीच ग्रँड नैन दोन्हीकडे पिकते. राज्याची सीमा कागदावर आहे, केळीच्या ट्रकला ती जाणवत नाही.

कापणी बहुतेक वेळा व्यापाऱ्याची माणसे बागेत येऊन करतात. घड ट्रकमध्ये भरले जातात, किंवा रावेर, सावदा, निंभोरा या स्थानकांवरून रेल्वेने दिल्लीकडे रवाना होतात. तिथल्या पिकवण केंद्रातून ही केळी किरकोळ विक्रेत्याच्या गाडीवर जाते तेव्हा तिच्यावर ना गाव असते ना जिल्हा. ग्राहक केळी डझनावर मागतो. कोकणातल्या हापूसची गोष्ट वेगळी. तिथे मुंबईचा ग्राहक पेटी घेताना ‘रत्नागिरी की देवगड’ असे आधीच विचारायचा, मानांकन २०१८ मध्ये आले ते नंतर. नावाला आधीच किंमत होती आणि कर्नाटकी आंब्याशी होणाऱ्या भेसळीने ती मार खात होती, म्हणून कायद्याला करण्यासारखे काम मिळाले. केळीच्या बाबतीत दिल्लीच्या ग्राहकाने हा प्रश्न अजून विचारलेला नाही.

दार्जिलिंगचे उदाहरणही इथे उपयोगी आहे. तिथले चहामळे शंभराच्या आत आहेत आणि त्यांच्यावर चहा मंडळ ही एक वैधानिक संस्था आहे. कोणत्या मळ्यातून किती माल निघाला आणि किती ‘दार्जिलिंग’ म्हणून विकला गेला, याचा ताळमेळ घालता येतो. जळगावात उत्पादक हजारोंच्या संख्येने आहेत, त्यातले बरेच अल्पभूधारक. प्रत्येक घडाचा माग ठेवणारी यंत्रणा उभी करणे हे नोंदणीपेक्षा कितीतरी अवघड आणि खर्चिक काम आहे. कायदा अर्जात गुणवत्ता तपासणीच्या यंत्रणेची माहिती मागतो, पण ती यंत्रणा चालवण्याचा पैसा कुठून यायचा हे सांगत नाही.

नावाचा उपयोग झाल्याचे एक उदाहरण मात्र आहे, आणि ते निर्यातीचे आहे. जून २०२१ मध्ये तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन केळी ‘जीआय मानांकित जळगाव केळी’ म्हणून दुबईला गेली आणि केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ते जाहीरही केले. निर्यातीत घड नव्हे तर फण्या जातात, त्या धुऊन, प्रतवारी करून खोक्यात भरल्या जातात. खोके आले की लेबलाला जागा मिळते. जीआयचा फायदा आधी तिथे दिसावा, यात नवल नाही.

वांग्याचे बियाणे कोणाच्या मालकीचे?

केळीला बी नसते, रोप प्रयोगशाळेतून येते. वांग्याचे तसे नाही. भरताच्या वांग्याचे बियाणे शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे निवडून, राखून ठेवलेले आहे. जीआयने ‘जळगावचे भरताचे वांगे’ हे नाव राखले, पण बियाणे राखलेले नाही. त्यासाठी वेगळा कायदा आहे, २००१ चा वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा. त्याचे प्राधिकरण दिल्लीत आहे. म्हणजे नावासाठी चेन्नई आणि बियाण्यासाठी दिल्ली, असे एकाच वांग्याचे दोन दरवाजे.

हा कायदा भारताने बराचसा आपल्या पद्धतीने लिहिला. ट्रिप्सने वाणांना संरक्षण द्या म्हटले होते, पण कसे द्यायचे ते देशावर सोडले होते. युरोपीय वळणाच्या आंतरराष्ट्रीय वाण करारात सामील होण्याऐवजी भारताने संशोधक आणि शेतकरी यांचे हक्क एकाच कायद्यात घातले. शेतकरी किंवा गाव आपले पारंपरिक वाण ‘शेतकरी वाण’ म्हणून नोंदवू शकते, आणि त्याला नोंदणी शुल्क नाही. दुसऱ्याच्या नोंदणीकृत वाणाचे बियाणेसुद्धा शेतकरी राखू शकतो, पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, विकूही शकतो. फक्त त्यावर ब्रँडचे नाव लावून विकता येत नाही.

काहीच नोंदवले नसते तर?

याचे उत्तर जळगावातच सापडते. इथल्या तेलबिया संशोधन केंद्राने १९७०च्या दशकाच्या अखेरीस परदेशातून आलेल्या एका भुईमुगातून निवड पद्धतीने ‘जेएल-२४’ हे वाण दिले. त्याचे दुसरे नाव ‘फुले प्रगती’. लवकर येणारे हे वाण देशभर पसरले. पुढे ते आफ्रिकेत गेले. मलावीत ते ‘काकोमा’ या नावाने आणि झांबियात ‘लुएना’ या नावाने प्रसारित झाले. तेव्हा भारतात वाण संरक्षणाचा कायदाच नव्हता. जळगावला त्यातून स्वामित्वधन मिळाले नाही, पण मूळ बियाणे आणतानाही कोणाला ते द्यावे लागले नव्हते. भुईमुगाची ही गोष्ट तोट्याची मानायची की फायद्याची, यावर कृषी विद्यापीठांत आजही दोन मते निघतील. कोरडवाहू शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर ती फायद्याचीच ठरते.

धुळ्यासाठी यात काय आहे?

नवापूरच्या तूरडाळीला जीआय आहे. नवापूर आज नंदुरबार जिल्ह्यात असले, तरी १ जुलै १९९८ पर्यंत ते धुळे जिल्ह्यातच होते. धुळे, शिंदखेडा, शिरपूरच्या काळ्या जमिनीत रब्बीच्या ओलीवर येणारी दादर ज्वारी हे मानांकनासाठी सहज सुचणारे नाव. ज्वारीला जीआय मिळू शकतो, हे मंगळवेढ्याने २०१६ मध्ये दाखवले आहे. नावात गाव असणे बंधनकारक नाही. हापूस किंवा बासमती यांच्या नावात गाव कुठे आहे? मात्र माल आणि प्रदेश यांचे नाते सिद्ध करावे लागते. जमीन, हवामान आणि लागवडीची रीत यांतून दाण्यात काय फरक पडतो, त्याच्या प्रयोगशाळेतील चाचण्या आणि जुन्या नोंदी हे सगळे अर्जासोबत द्यावे लागते. इथे १८८० चे खान्देश गॅझेटियर कामाला येऊ शकते. धुळ्यातील राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थांमधली जुनी दप्तरेही चाळावी लागतील.

अवघड भाग नकाशाचा आहे. अर्जासोबत उत्पादन क्षेत्राचा नकाशा द्यावाच लागतो. गॅझेटियरमधला खान्देश एक होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पुढे त्यांचेच जळगाव आणि धुळे झाले आणि १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा झाला. दादर तिन्ही जिल्ह्यांत पिकते. नकाशा धुळ्याच्या हद्दीवर थांबवला, तर अमळनेर-चोपड्याचा दादर उत्पादक ते नाव गमावेल. तिन्ही जिल्हे घेतले, तर तिन्हीकडच्या उत्पादकांना एका संस्थेखाली आणावे लागेल. अर्ज जीआय नियतकालिकात प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी तीन महिने असतात, आणि मागितल्यास आणखी एक महिना मिळू शकतो. नकाशातून वगळल्या गेलेल्या उत्पादकाला आपले म्हणणे मांडण्यासाठी तेवढाच वेळ मिळतो.