सव्वा घटकेचा अवकाश



एखाद्या घरातील तरुण मुलगा किंवा मुलगी आपल्या हातांनी जीवन संपविते, तेव्हा मागे राहिलेली माणसे वर्षानुवर्षे एकच प्रश्न मनाशी घोळवीत बसतात : हे त्याच्या मनात केव्हापासून चालले होते, आणि आम्हांला ते उमगले कसे नाही? या प्रश्नाच्या पोटात एक समजूत दडलेली असते. असा निश्चय महिनोन्‌महिने मनात मुरत असला पाहिजे, एकदा झाला की तो अढळ, आणि एक वाट बंद केली तर माणूस दुसरी शोधणारच, अशी ती समजूत होय. पुष्कळ सुशिक्षित माणसेही ती उराशी धरून असतात. ती बहुतांशी चुकीची आहे, हे मला आज सांगावयाचे आहे. आणि त्याकरिता मी आपणांस शेजारच्या श्रीलंका बेटावर घेऊन जाणार आहे.

१९४८ साली स्वतंत्र झालेला हा देश गरीब खरा, पण गरीब देशांत आदर्श म्हणून ज्याचे नाव घ्यावे असा. मोफत शिक्षण, गावोगाव दवाखाने, स्त्रियांतही साक्षरतेचा मोठा प्रसार, बालमृत्यूंचे अल्प प्रमाण, हे सारे त्याने आपल्या पुष्कळ आधी साधले. त्याच देशात १९५० च्या सुमारास दर लाख वस्तीमागे वर्षाला सहा-सात माणसे आत्महत्येने मरत. १९९५ साली हा आकडा ४७ वर जाऊन पोहोचला. जगातील अगदी वरच्या आकड्यांपैकी तो एक होता, आणि त्यात खेड्यापाड्यांतील तरुण मुलामुलींचा भरणा मोठा होता.

असे का व्हावे? शिकूनही नोकरी नाही, १९७१ आणि १९८७ ते ८९ या काळात तरुणांनी केलेली दोन रक्तबंबाळ बंडे, १९८३ पासून पेटलेली यादवी, अशी कारणे त्या वेळी सांगितली गेली. ती खोटी नव्हती. परंतु आकडा चढू लागला तो यादवीच्या पुष्कळ आधी, आणि उतरू लागला तो यादवी ऐन भरात असताना. यादवी संपली ती २००९ साली. तेव्हा केवळ दुःखाच्या मापाने मृत्यूंचे माप लागत नाही, हे उघड आहे.

दुःखाबरोबर आणखी एक वस्तू घरात आली होती. अधिक धान्य पिकविण्याच्या खटपटीत १९६० नंतर जालीम कीटकनाशके खेडोपाडी पोहोचली. भातशेती करणाऱ्या प्रत्येक घरात, कोनाड्यात नाहीतर छपराच्या आढ्याला, एखादी बाटली असावयाचीच. आपल्याकडेही शेतकरी तिला ‘औषध’च म्हणतो, शब्दाची थट्टा किती क्रूर असू शकते ते पाहा! बापाचे रागाचे बोल, परीक्षेतील अपयश, मोडलेले लग्न, यांवरून पूर्वीची मुलेही रुसत असत, उपाशी निजत असत, दोन दिवस अबोला धरीत असत. तिसऱ्या दिवशी राग ओसरे. आता मात्र रागाच्या पहिल्याच झटक्यात हाताशी असे काही येऊ लागले की, ज्याला तिसरा दिवस नव्हता.

तेथील रुग्णालयांत वाचलेल्या माणसांची डॉक्टरांनी आस्थेने विचारपूस केली. निम्म्याहून अधिक लोकांच्या बाबतीत मनात विचार येणे आणि तो कृतीत उतरणे यांमध्ये अर्धा तासही गेलेला नव्हता. अर्धा तास म्हणजे आपल्या जुन्या मापाने सव्वा घटका! एवढ्या अवधीत निवड कसली व्हावयाची? जे जवळ होते ते घेतले, एवढेच. त्यांतील पुष्कळांना मरावयाचेही नव्हते. आपले दुःख कोणाला तरी कळावे, इतकेच हवे होते. शहरात राहणाऱ्या तशाच मुलाच्या हाती कमी घातक वस्तू लागली असती तर तो आठवड्याने घरी परतला असता. खेड्यातला मुलगा परतला नाही, तो त्याचा निश्चय अधिक दृढ होता म्हणून नव्हे.

श्रीलंकेच्या सरकारने हे ओळखले, हा त्याचा मोठेपणा. १९८० साली कीटकनाशकांच्या नियंत्रणाचा कायदा होऊन त्यासाठी एक निबंधक नेमण्यात आला. जागतिक आरोग्य संघटनेने ज्यांना सर्वांत घातक ठरविले होते अशा वर्गातील उरलीसुरली द्रव्ये १९९५ पर्यंत बाजारातून काढून टाकण्यात आली. १९९८ साली आणखी एक आणि २००८ ते २०११ या अवधीत आणखी तीन गेली. त्यांची नावे येथे घेण्याचे प्रयोजन नाही. फळ काय मिळाले? १९९६ ते २००५ या दशकात आधीच्या दशकापेक्षा सुमारे १९,७०० आत्महत्या कमी झाल्या, आणि १९९५ च्या मानाने २०१५ पर्यंत प्रमाण जवळजवळ ७० टक्क्यांनी खाली आले. पिके बुडतील अशी ओरड झाली होती. तीही खरी ठरली नाही, कारण प्रत्येक काढलेल्या द्रव्याला कमी घातक पर्याय उपलब्ध होता. (२०२१ साली त्या देशाने सर्वच रासायनिक खते व औषधे एका फटक्यात बंद केली आणि भाताचे पीक कोसळले, ती गोष्ट निराळी. विचारपूर्वक केलेली निवड आणि आततायीपणा यांची गल्लत करू नये.)

यापुढील गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मृत्यू घटले, परंतु विषबाधा होऊन रुग्णालयात येणाऱ्यांची संख्या घटली नाही. म्हणजे तरुणांचे दुःख तितकेच राहिले, त्याचा झटकाही तितकाच राहिला. फक्त तो झटका प्राण घेईनासा झाला. ‘वाट बंद केली तर दुसरी शोधणारच’ हे म्हणणे येथे पार ढासळते. अशा प्रसंगातून वाचलेल्यांपैकी बहुसंख्य माणसे पुढे आत्महत्येने मरत नाहीत, हे अनेक देशांतील पाहणीतून दिसून आले आहे. ती संसार करतात, म्हातारी होतात. काहींना पुन्हा धोका असतो, आणि म्हणूनच रुग्णालयातून घरी आलेल्या मुलावर पुढील काही महिने मायेचे लक्ष असावे लागते.

आणखी एक प्रयोग तेथे झाला. तो फसला, पण सांगण्यासारखा आहे. औषधे कुलपात ठेवली तर काम होणार नाही काय, अशी कल्पना पुढे आली. उत्तरेकडील शेतीप्रधान भागातील १८० गावे निवडून त्यांपैकी निम्म्या गावांत घरोघर कुलपाच्या पेट्या वाटण्यात आल्या. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : पेट्यांचा काही उपयोग दिसला नाही. मला याचे फारसे नवल वाटत नाही. कुलपाची किल्ली घरातच असते, आणि शेतावरून दमून आलेला मनुष्य कुलूप लावण्याचे रोज लक्षात ठेवीलच असे नाही. प्रत्येक घराच्या सावधगिरीवर भार टाकण्यापेक्षा ती वस्तू दुकानातच येऊ न देणे हा मार्ग खरा ठरला. आईबापांना दोष देणे सोपे असते. परवाना देणाऱ्या कचेरीला प्रश्न विचारणे कठीण, पण फळ त्यातच आहे.

आपल्या देशाकडे वळू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीप्रमाणे २०२२ साली भारतात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते. आणि प्रांतवार पाहता २२,७४६ ही सर्वांत मोठी संख्या आपल्या महाराष्ट्राची होती. हे आकडे ऐकून शहरातील श्रोता म्हणेल, “आमच्या घरी ना शेत, ना फवारणी.” खरे आहे, परंतु सव्वा घटका शहरातल्या मुलालाही असते. तिला लांबविण्याचे उपाय तेवढे निराळे. दहावीच्या परीक्षेचेच उदाहरण घ्या. पूर्वी मार्च महिन्यात एका विषयात नापास झालेल्या मुलाचे वर्ष फुकट जाई, आणि निकालाच्या दिवशी त्याला पुढे नुसता अंधार दिसे. तामिळनाडूने लगोलग फेरपरीक्षा घेण्याची सोय केली. महाराष्ट्रात २०१५ पासून जुलै महिन्यात ती होऊ लागली. वर्षाचे अंतर काही आठवड्यांवर आले. कोणाला ही केवळ कारकुनी सुधारणा वाटेल. मला ती श्रीलंकेतील त्या कायद्याची सख्खी बहीण वाटते.

कायद्याची भीतीही पुष्कळ अंशी दूर झाली आहे. श्रीलंकेने आत्महत्येचा प्रयत्न हा अपराध मानणे १९९८ साली सोडले. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसास शिक्षेऐवजी उपचार देण्याचे ठरविले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ वे कलम राहिले नाही; सरकारी नोकरावर दडपण आणण्यासाठी केलेला प्रयत्न एवढाच अपराध उरला. तेव्हा पोलिसांच्या धाकाने रुग्णालयात जाण्यास क्षणाचाही उशीर करू नये.

आणि घरात? मूल एकाएकी गप्प झाले, आवडत्या वस्तू वाटू लागले, ‘मी नसलो तर बरे’ असे बोलले, तर ते ‘नाटक’ म्हणून उडवून लावू नये. त्याच्याजवळ बसून सरळ विचारावे, “तुला जगणे नकोसे वाटते आहे का?” असे विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरतो ही भीती व्यर्थ आहे, उलट विचारणारा भेटला म्हणून मन मोकळे होते. उपदेश नको, शेजारच्या हुशार मुलाची तुलना तर मुळीच नको. त्या रात्री त्याला एकटे सोडू नये, घरातील साठलेली नकोशी औषधे बाहेर काढून टाकावीत, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा चालू आहे. ती रात्रंदिवस मिळते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. तिचा क्रमांक १४४१६. घरातील दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात, मुलांना सहज दिसेल अशा ठिकाणी, तो आजच लिहून ठेवावा.